बाईंचा कोल्डचा वर्ग

मे महिन्यात, अकोल्यात, भर दुपारी बारा वाजता, पत्र्याच्या छपराखाली इंग्रजीचा वर्ग भरवणं हा गुन्हा आहे, असं माझं स्पष्ट मत होतं. मत झालं की मी पत्रक काढते. या विषयावरचंही डोक्यात तयार होतं, मथळ्यासकट: ‘पोरांना भाजणं थांबवा!’ ते निघालं नाही, कारण वर्ग भरवणाऱ्या बाई माझ्या घरमालकीण होत्या आणि संध्याकाळची ज्वारीची भाकर त्यांच्याच तव्यावर व्हायची. चळवळीतल्या माणसालाही भूक लागते, हे आमच्या जाहीरनाम्यात कुठे लिहिलेलं नसतं.

मी वलगावची. शेतीचं शिक्षण घ्यायला अकोल्याला आले, शिक्षण कमी आणि मोर्चे जास्त केले, आणि या बाईंच्या घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत राहिले. बाई एका शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या शिक्षिका. उंच, काटकीसारख्या, आणि उन्हाळ्यात डोक्याभोवती पांढरा दुपट्टा असा गुंडाळायच्या की दिसायचा फक्त चष्मा. खोली भाड्याने देताना त्यांनी मला आईबापाचं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही. एवढंच विचारलं, “खोटं बोलतं का तू?”

“नाही,” मी म्हणाले.

“मंग हे पहिलं खोटं झालं,” म्हणाल्या आणि चावी दिली.

बाईंचा वर्ग कॉलनीच्या सभागृहात भरायचा. सभागृह म्हणजे चार भिंती, वर पत्रा, आणि भिंतीवर एका माजी नगरसेवकाचं नाव. वर्ग फुकट. वेळ दुपारची, कारण तेव्हा दुकानात कामाला जाणाऱ्या पोट्ट्यांची शटरं खाली असायची आणि पोरींच्या घरची मोठी माणसं झोपलेली असायची. “ज्याले जवा वेळ हाये तवाच शाळा पाह्यजे,” बाई म्हणायच्या. हे वाक्य मी नंतर तीन पत्रकांत वापरलं.

हजेरी नावानं नव्हती. हजेरी कांद्यानं. वऱ्हाडात उन्हाळ्यात बाहेर निघालेलं माणूस खिशात कांदा ठेवतं, ऊन लागू नये म्हणून. बाईंनी त्याचा कायदा केला होता. दारात उभ्या राहायच्या आणि हात पुढे करायच्या. “कांदा दाखव.” ज्याच्या खिशात कांदा नाही त्याला घरी पाठवायच्या आणि कांदा घेऊन परत यायला लावायच्या, म्हणजे बिनकांद्याचं पोरगं उन्हातून दोन चकरा जास्त मारायचं. या न्यायावर मी आक्षेप घेतला होता. तो फेटाळला गेला. कॉलनीतले कूलरवाले सत्तारभाई एकदा खिडकीत डोकावून म्हणाले, “बाई, ये क्लास है के कांदा मार्केट?”

“तुमचा कांदा कुठी हाये?” बाईंनी विचारलं. सत्तारभाईंनी पायजम्याच्या खिशातून काढून दाखवला. “बसा मंग,” बाई म्हणाल्या. ते बसले, आणि पुढे रोज बसले.

आता शिकवण्याचं. बाई एका ऋतूत इंग्रजीचं एकच विशेषण शिकवायच्या. एकच! त्याला जोडून जेवढे शब्द होतात तेवढे, दुसरं काही नाही. हिवाळ्यात हॉट. पावसाळ्यात ड्राय. उन्हाळ्यात कोल्ड. “जे आपल्यापाशी नाई, त्याचंच नाव नीट पाठ होते,” हा त्यांचा सिद्धांत. त्यामुळे बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना आत पोरं घामानं निथळत ओरडायची, कोल्ड स्टोरेज! कोल्ड वॉर! कोल्ड ब्लडेड! सभागृहात एक कूलर होता. तो कोल्डच्या वर्गात बंद. “कोल्ड शिकून राह्यले ना? मंग कूलर कायले?”

आणि अर्थ नुसता सांगून चालायचा नाही. बाईंचा नियम होता, माणूस दाखव. शब्दाचा अर्थ ज्याच्या अंगाला लागू पडतो असा आपल्या ओळखीचा, जिवंत, अकोल्यात चालता-बोलता माणूस वर्गात नावानिशी सांगायचा. वर साक्षीदार द्यायचा. मग मार्क. डिक्शनरीतला अर्थ पाठ करून आलेल्या पोराला बाई शून्य द्यायच्या. “अर्थ पुस्तकात रायते का? अर्थ मानसात रायते. तुले माहीतच नाई तो कोन हाये, तर तू रस्त्यानं त्याले रामराम घालत फिरशीन.”

एका पोट्ट्याने कोल्ड ब्लडेडला गल्लीतला बोकड कापणारा सांगितला. नामंजूर. “तो त्याचा धंदा हाये. बोकडाशी त्याचं वैर नाई.” दुसऱ्यानं स्वतःचा मामा सांगितला: आजी गेल्यावर तिचं सोनं वाटून घेताना मामा म्हणाला होता, चहात साखर कमी आहे. मंजूर, पूर्ण मार्क. कोल्ड कम्फर्ट म्हणजे ज्यानं दुःख हलकं होत नाही असं सांत्वन; त्याला शेजारच्या काकू मिळाल्या. दहावीला नापास झालेल्या पोरीला त्या म्हणाल्या होत्या, काळजी नको करू, तुझी आईही नापासच होती. कोल्ड फिशला एकजण म्हणाला, “बाई, मासा थंडाच असते.” बाईंनी समजावलं, “ज्याच्याशी बोललं की आपल्यालेच सर्दी होते, तो.” लगेच पाच हात वर आले आणि पाचही जणांनी एकाच गणिताच्या मास्तरचं नाव घेतलं.

मी यातून सुटले नव्हते. हिवाळ्यात, हॉटच्या वर्गात, हॉट एअर म्हणजे नुसत्या गरम गोष्टी, आत काही नाही, याला एका पोरीनं माझं नाव दिलं. साक्षीदार म्हणून माझंच पत्रक सादर केलं. मी घरी येऊन बाईंशी भांडले. म्हटलं, सामाजिक कार्यकर्त्याची ही बदनामी आहे.

बाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “वाचून दाखव तुह्यं पत्रक.”

मी वाचलं. ‘मुजोर यंत्रणेचा जाहीर निषेध! ही व्यवस्था आम्ही उलथवून टाकू!’

“यंत्रना कोन्या गल्लीत रायते वं?”

“बाई, यंत्रणा म्हणजे…”

“पता सांग. घराचा रंग सांग. सकाळी घरी भेटते का सांग. नाई ना? मंग हवाच हाये ते. गरम हाये, पन हवा हाये.”

मी पत्रक घेऊन रागानं खोलीत गेले. भाकरीच्या वेळी परत आले.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. बाई या नियमातून कोणालाच वगळत नव्हत्या. ऋतूच्या पहिल्या दिवशी सांगायच्या, “कोनाचंही नाव घ्या. बाप असो, मास्तर असो. माह्यं बी.” त्यांचं नाव कोणी घेतलं नव्हतं. हिंमतही नव्हती आणि गरजही नव्हती; अकोल्यात माणसांची टंचाई नाही.

आता कुरड्यांबद्दल. बाईंची मोठी बहीण अमरावतीला. दोघींची बोलचाल बंद. कारण मला सत्तारभाईंनी सांगितलं. बहिणीच्या पोरीचं लग्न होतं, पत्रिका इंग्रजीत छापलेली. बाईंनी मांडवात बसल्या-बसल्या पर्समधून लाल पेन काढला, पत्रिकेतल्या सगळ्या चुका दुरुस्त केल्या आणि ती नवरदेवाच्या बापाच्या हातात दिली. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. वर म्हणाल्या, “ठेवा. पुढच्या लग्नाच्या वक्ती कामी येईन.”

बहिणीनं तिथंच सांगितलं, माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नको.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात बाई गव्हाच्या चिकाच्या कुरड्या करायच्या. पहाटे उठून चीक शिजवायचा, सोऱ्यातून खाटेवर पाडायच्या, मी ओढून-ताणून मदतीला. वाळल्या की चांगल्या गोल निवडून पिशवीत भरायच्या. ठेवणीतली साडी नेसायच्या. मला सांगायच्या, “अमरावतीले जाऊन येतो.” आणि दोन तासांत परत. कधी म्हणे गाडीला गर्दी होती. कधी म्हणे खिडकी मिळाली नाही. कधी म्हणे, “आज अमोशा हाये हे ध्यानातच नव्हतं.” पंचांग न मानणारी बाई! पिशवी स्वयंपाकघरातल्या खुंटीला लागायची, आणि त्या कुरड्या तळून वर्षभर आम्ही खायचो. आम्ही म्हणजे मी. बाईंना दातांचा त्रास होता.

मी कधी विचारलं नाही. कुरड्या फार चांगल्या असायच्या.

आता ज्या उन्हाळ्याची गोष्ट सांगायला बसले आहे तो. कॉलनीत पाणी अगदी बारीक येत होतं. कारण उघड होतं: कोपऱ्यावर एका बिल्डरची इमारत उठत होती, आणि आमच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला होता. शेडला कुलूप. व्हॉल्व्ह अर्धा बंद. मी तातडीनं पत्रक काढलं, ‘बिल्डरशाहीचा जाहीर निषेध!’ कॉलनी समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी सभेत छाती ठोकून सांगितलं की मी स्वतः जातो, त्याच्या ऑफिसात बसतो, व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय उठत नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी आबा जाऊन आले आणि म्हणाले, “बोलणी चालू आहेत.”

त्याच आठवड्यात बाईंच्या वर्गात कोल्ड फीट निघालं.

हात वर केला गौरीनं. गौरी म्हणजे आबांची नात, सहावीतली, दोन वेण्या, आवाज घंटेसारखा. ती उभी राहिली. “कोल्ड फीट म्हणजे एखादं काम करतो म्हनून निघाचं, अन् दारापाशी गेल्यावर भेव लागून वापस याचं. मानूस, माहे आबा.”

सगळ्या वर्गानं माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

“साक्षीदार?” बाई म्हणाल्या.

“मीच. मी स्कूटरवर मांगं होती. आबा बिल्डरच्या काचेच्या दरवाज्यालोग गेले. आत पाह्यलं. मंग म्हने, सायेब बिझी दिसते. मंग आमी रसवंतीवर उसाचा रस पेलो. आबा दोन गिलास पेले.”

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. पूर्ण मार्क.

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. पानठेल्यावर कोणीतरी आबांना म्हणालं, “आबा, पायमोजे घालत जा.” किराणा दुकानात कोणी विचारलं, पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी पाहिजे का. आबांच्या बायकोनंही, असं म्हणतात, त्या रात्री पांघरूण पायाकडे जरा जास्त ओढून दिलं.

तिसऱ्या दिवशी सभागृहाच्या दाराला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. सभागृहात एसी बसवून ते लग्न-बारशांना भाड्याने देण्याचा विचार आहे, सबब वर्ग बंद. अंतिम निर्णय रविवारच्या सभेत.

बाईंनी नोटीस वाचली. लाल पेन काढला, ‘निर्नय’चा ण दुरुस्त केला आणि घरी आल्या. पंख्याखाली बसल्या. मी रागानं येरझारा घालत होते, हे काय, ही दडपशाही, आपण धरणं धरू. बाई ऐकत होत्या असं वाटलं नाही. लाल पेनाला टोपण लावून म्हणाल्या, “वर्ग गेला तर मी दुपारी काय करू वं? मले दुपारी झोप येत नाई.”

एवढंच म्हणाल्या. बाईंच्या घरात एकच मोठी खोली, ती मला दिलेली. नवरा नाही, मूल नाही, एक बहीण, तीही यांना दाराबाहेर काढून बसलेली. दुपारी बारा ते दोन, घामेजलेली, कांदे घेऊन येणारी ती पोरं, एवढाच त्यांचा दिवस होता. बाकीचे तास म्हणजे त्या दोन तासांची तयारी.

मी पत्रक काढलं. ‘निष्पाप मुलांच्या जिभेला कुलूप! अध्यक्ष, जवाब द्या!’ घरोघर वाटलं. परिणाम असा झाला की आबांचे जे दोन मित्र आमच्या बाजूचे होते तेही त्यांच्याकडे गेले. बाई म्हणाल्या, “या टायमाले पता लिहिला तू. बरं केलं. पन दरवाजा वाजवाच्या आधी घराले आग लावली.”

रविवारी सभा. सभागृह भरलं. आबा उभे राहिले. “मुलांना इंग्रजी शिकवा, आमची ना नाही. पण घरातलं चव्हाट्यावर आणायचं कोणी सांगितलं? उद्या हेच पोरं तुमच्या घरातलं सांगतील!” बऱ्याच माना हलल्या. खरं तर त्या मानांच्या घरातलं आधीच सांगून झालं होतं.

मी भाषणासाठी उठले. बाईंनी माझा दुपट्टा ओढून मला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

“आबा, पोरीचं उत्तर चुकलं असन तर मी तिले नापास करतो. चुकलं का?”

“चुकलंच!”

“मंग शाबित करा.”

“शाबित म्हणजे?”

“उद्या जा. दरवाज्यातून आत जा. सायेबाशी बोला. पोरगी नापास, माह्यं बी चुकलं, वर्ग बंद. सभागृहात तुमी हत्ती बांधा.”

“अन् नाहीच गेलो तर?”

“तर पोरीचं उत्तर बरोबर. बरोबर उत्तर दिल्याबद्दल वर्ग बंद करता येत नाई.”

मागून सत्तारभाईंचा आवाज आला. “जाओ ना आबा. बच्ची को फेल करके आओ!”

हशा पिकला. आबा लालबुंद झाले. “जातो! उद्याच जातो!”

घरी येताना मी बाईंना फैलावर घेतलं. तुम्ही वर्ग पणाला लावला! ते आत गेले तर सगळं संपलं. बाई चपला काढत म्हणाल्या, “गेले तर पानी येईन.”

“आणि वर्ग?”

पाण्याचा माठ रिकामा होता. बाईंनी तो उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उन्हात मिरवणूकच निघाली. पुढे आबा, पांढराशुभ्र सदरा. मागे गौरी. तिच्या मागे सगळा वर्ग, दुपट्टे आणि रुमाल बांधलेला, प्रत्येकाच्या खिशात कांदा. शेवटी सत्तारभाई, बाई आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी. बिल्डरच्या ऑफिसाचं काचेचं दार आलं. आबा थांबले. आत पाहिलं. डोक्यावरून रुमाल फिरवला. मला वाटलं, झालं, आता रसवंती.

तेवढ्यात गौरी पुढे धावली. तिला स्वतःच्या मार्कांची काळजी. आबांचा सदरा ओढत म्हणाली, “आबा, वापस चाला ना! ऊन लागन तुमाले. सायेब बिझीच असतीन. चाला, मी रस पाजतो.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. सदरा सोडवून घेतला. “थांब लेका. तुले आज नापासच करतो,” म्हणाले, आणि दार ढकलून आत गेले.

आम्ही सगळे काचेला नाकं लावून उभे. आत साहेब नव्हतेच. एक चौकीदार खुर्चीवर बसून फुटाणे खात होता. आबांनी छाती पुढे काढली आणि बोलायला सुरुवात केली. चौकीदारानं अर्धंच ऐकलं, हात वर करून भिंतीच्या खिळ्यावरची चावी काढली आणि आबांना दिली.

“शेडची चाबी ना? घ्या ना बाप्पा. इथंच लटकून राह्यली कधीची. कोनी मांगतलीच नाई.”

कोणी मागितलीच नाही! मी दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक काढलं होतं. बिल्डरशाही, धनदांडगे, संगनमत, सगळं लिहिलं होतं. दारातून आत जाऊन चावी मागावी हे मात्र आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. चौकीदारानं माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं, ‘बिल्डरशाहीचा जाहीर निषेध’ एवढं मोठ्यानं वाचलं, म्हणाला, “कागद चांगला हाये,” आणि त्याची पुडी करून उरलेले फुटाणे गौरीला दिले.

व्हॉल्व्ह उघडला. त्या दिवशी कॉलनीत असं पाणी आलं की लोकांनी अंगणं धुतली. आबांच्या गळ्यात कोणी तरी हार घातला. आणि बाईंनी, ठरल्याप्रमाणे, कोल्ड फीटमध्ये गौरीला शून्य दिलं. मग सभागृहातला आपला खडू-डस्टर पिशवीत टाकून घरी आल्या.

दोन दिवस बाई दुपारी पंख्याखाली नुसत्या बसून राहिल्या. बारा वाजले की दाराकडे पाहायच्या. मी अनेक घोषणा दिल्या आहेत, पण त्या घरातली बारा वाजताची शांतता मला सहन झाली नाही.

तिसऱ्या दिवशी आबा आले. दारातच उभे, कपाळाला आठ्या. “बाई, पोरगी जेवून नाई राह्यली. म्हने, मी आजलोग कशातच नापास झाली नाई.”

“शाबित तुमीच केलं ना आबा.”

“ते बरोबर हाये. पन फेरपरीक्षा नसते का? बोर्डात बी असते.”

“असते. पन वर्ग बंद हाये. फेरपरीक्षा घेऊ कुठी?”

आबांनी खिशात हात घातला, सभागृहाची चावी काढली आणि माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. “बाराचाच टाइम ना?” म्हणाले.

बाई उठल्या. “अन् एसी?”

“कोल्ड शिकून राह्यले ना पोट्टे,” आबा म्हणाले. “मंग एसी कायले?”

फेरपरीक्षेला अख्खा वर्ग हजर, दाराशी मीही. आबाही शेवटच्या सतरंजीवर बसले होते; दारात त्यांनी स्वतःहून कांदा दाखवला होता. गौरी उभी राहिली. अर्थ तोच सांगितला. “मानूस…” ती थांबली. वेणी चावली. “मानूस, बाई.”

खडू बाईंच्या हातात होता, तो तसाच राहिला.

“कोन्या बाई?”

“तुमी, बाई. तुमी दरसाल अमरावतीले बहिनीकडं जाचं म्हनून निघता अन् स्टँडवरून वापस येता. आमी रस पेलो त्या दिवशी बी तुमी पिशवी घेऊन वापस येत होत्या. रसवंतीवरून दिसल्या.”

कोणी हसलं नाही. बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता संपलं. आता या बाईचा नियम बाकीच्यांसारखाच, दुसऱ्यांसाठी ठेवलेला निघणार.

“साक्षीदार?” बाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

गौरीनं माझ्याकडे बोट केलं. “ह्या ताई. ह्याईच्या डब्यात त्याच कुरड्या असतात.”

“बोल,” बाई मला म्हणाल्या. मी मंत्र्यांच्या गाडीपुढे उभी राहिलेली मुलगी. माझ्या तोंडून कसंबसं “हो” निघालं.

“पूर्ण मार्क,” बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मागून आबांनी खाकरलं. “बाई, उत्तर चुकलं असं वाटत असन, तर शाबित करता येते बरं का.”

“नाई!” गौरी किंचाळली. “मी पुन्हा नापास होईन!”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी एसटीत होतो. बाई, मी साक्षीदार म्हणून, आणि गौरी, आपला निकाल स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. मूर्तिजापूरला बाईंना आठवलं की गॅस चालू राहिला. मी म्हटलं, मी बंद केला. बडनेऱ्याला त्यांना आठवलं की बहीण दुपारी झोपते. गौरी लगेच म्हणाली, “मंग वापस चाला, बाई!” बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती.

बहिणीच्या अंगणात फरशी तापलेली. बाईंनी हात वर केला, खाली घेतला. पुन्हा वर केला आणि कडी वाजवली.

दार उघडलं. बाईंसारखंच नाक, तशीच उंची, केस जरा जास्त पांढरे. बहिणीनं बाईंकडे पाहून विचारलं.

“कोन्या गाडीनं आली?”

“मूर्तिजापूरवरून येते ते.”

“लय लेट झाली गाडी.”

“हो,” बाई म्हणाल्या. “लयच लेट झाली.”

बहिणीनं पिशवीकडे पाहिलं. “काय हाये त्याच्यात?”

“कुरड्या. तुह्यासाठी केल्या.”

“याच सालच्या?”

“हो.”

“दरसाल करत असशीन तू. मले मालूम हाये. मंग बाकीच्या सालच्या कुठी गेल्या?”

बाईंनी मागे वळून पाहिलं. सरळ माझ्याकडे बोट केलं.

“हिनं खाल्ल्या.”

बहिणीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोलीस चौकीतही असं कोणी पाहिलं नव्हतं. मग दारातून बाजूला झाल्या. “आत ये,” बाईंना म्हणाल्या, “पाय भाजून राह्यले असतीन. त्या पोट्टीले बी घे. काहून रडून राह्यली ते?”

“नापास झाली,” बाई म्हणाल्या. “सांगतो तुले सारं.” आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

मीही चपला काढल्या. तेवढ्यात आतून, तळणीची कढई गॅसवर ठेवल्याचा आवाज आला आणि मागोमाग बहिणीचा हुकूम.

“तिले वरन-भात वाढजो. कुरडी नोको देऊ.”

हा अन्याय होता. पण या वेळी पत्ता माझाच होता. मी खाली मान घालून आत गेले आणि वरण-भात जेवले.